विजेतेपद विकत मिळते काय? डावपेच, पैसा आणि एका खोट्या वादाची दीडशे वर्षे

१/
क्लॉडिओ रानिएरी या एकाच प्रशिक्षकाचे दोन हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहा.
२००३-०४ : चेल्सी. नवा अब्जाधीश मालक, एका वर्षात दहा कोटी पौंडांहून अधिक रकमेची खेळाडूखरेदी. ७९ गुण, दुसरा क्रमांक आणि हंगाम संपताच हाती नारळ.
२०१५-१६ : लेस्टर सिटी. सट्टेबाजांनी पाच हजारास एक असा भाव दिलेला संघ. ८१ गुण आणि इंग्लंडचे विजेतेपद.
माणूस तोच. मग फरक कशाचा?
#धागा

२/
खेळाडूंचा बाजार उघडला की दरवर्षी दोन तट पडतात. पहिला म्हणतो, पैसा ओता, चषक आपोआप येतो. दुसरा म्हणतो, प्रशिक्षक अस्सल असला की पैशाचे काही चालत नाही.
पहिल्यांना मी सराफ म्हणतो, कारण त्यांना माणसे दिसत नाहीत, भाव दिसतात. दुसऱ्यांना बखरकार म्हणतो, कारण त्यांना नायक दिसतो, नायकामागचा जमाखर्च दिसत नाही. माझे भांडण दोघांशीही आहे.

३/
‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात, १८९८ साली, राजवाड्यांनी पानिपताच्या निमित्ताने बखरींची झडती घेतली. बखर काय सांगते ते ऐका, पण पत्रे आणि हिशेब तपासल्यावाचून विश्वास ठेवू नका, ही त्यांची शिस्त. फुटबॉलच्या इतिहासाला तीच शिस्त लावली, तर ‘डावपेच की पैसा’ हा वाद पहिल्याच पानावर कोसळतो. म्हणून आपण पहिल्या पानापासूनच सुरुवात करू.

४/
१८७२. ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि तो गोलशून्य बरोबरीत सुटला. इंग्रजांचा खेळ एकट्याने चेंडू रेटत नेण्याचा. स्कॉटिश खेळाडू मात्र चेंडू एकमेकांना देत पुढे सरकत. आज हे इतके साधे वाटते की त्यास डावपेच म्हणायलाही संकोच वाटावा. पण फुटबॉलमधील पहिली मोठी व्यूहकल्पना हीच: चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो.

५/
ही कल्पना इंग्लंडच्या क्लबांत पोहोचली कशी? पगाराच्या वाटेने. प्रेस्टनच्या एका कापडगिरणीचे व्यवस्थापक विल्यम सुडेल यांनी स्कॉटिश खेळाडू गावात आणले, त्यांना नोकऱ्या आणि पैसे दिले. हे तेव्हा नियमबाह्य होते. १८८४ साली अप्टन पार्क संघाने तक्रार करताच सुडेल यांनी ते उघड मान्य केले आणि प्रेस्टन नॉर्थ एंड एफए चषकातून बाद झाला. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली.

६/
१८८८-८९ मध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग खेळली गेली. प्रेस्टन २२ सामन्यांत अपराजित राहून विजेता ठरला. त्याच वर्षी एकही गोल न स्वीकारता त्याने एफए चषकही जिंकला.
आता सांगा, हा विजय डावपेचांचा की पैशाचा? पासिंगची कल्पना नसती तर सुडेलांचा पैसा वाया गेला असता. पैसा नसता तर ती कल्पना ग्लासगोतच राहिली असती. लीगच्या पहिल्याच विजेत्याने आपल्या वादाचा निकाल लावून ठेवला आहे. तो वाचण्याची तसदी आपण घेत नाही, इतकेच.

७/
त्या कथेचा शेवटही हिशेबाच्या वहीतच आहे. १८९५ मध्ये गिरणीच्या पैशांचा अपहार केल्याबद्दल सुडेल तुरुंगात गेले. १८८९-९० नंतर प्रेस्टनने लीगचे विजेतेपद पुन्हा कधीही जिंकले नाही. संघ उभा राहिला तो उसन्या पैशावर, हे वाक्य पुढे पुन्हा भेटणार आहे. ते लक्षात असू द्या.

८/
१९०५. मिडल्सबरोने सुंदरलंडच्या आल्फ कॉमनसाठी एक हजार पौंड मोजले. हजाराचा आकडा गाठणारा हा पहिला खेळाडू. वृत्तपत्रांतून संताप उसळला: माणसाची किंमत अशी लावतात काय? तेव्हा मिडल्सबरो खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. घसरण टळली, म्हणजे हजार पौंड कामी आले. पण लीगचे विजेतेपद? ते या क्लबला आजतागायत मिळालेले नाही. पैशाने संकट टळले. पैशाने संघ घडला नाही.

९/
आता या इतिहासातील सर्वात सुंदर विसंगती. १९२५ मध्ये आर्सेनलचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी व्यवस्थापक हवा म्हणून जाहिरात दिली. तिचा आशय असा: भरमसाट रकमा मोजून खेळाडू विकत घेणे हीच ज्यांची एकमेव करामत आहे, त्यांनी अर्ज करण्याचे कष्ट घेऊ नयेत.
ती जागा मिळाली हर्बर्ट चॅपमन यांना. तीन वर्षांनी याच चॅपमननी जगातील सर्वात महागडा खेळाडू विकत घेतला.

१०/
पण मधली तीन वर्षे पाहा. त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला होता: आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असण्याऐवजी दोन पुरेसे झाले. गोलांचा पूर आला. ऑक्टोबरात न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असे लोळवले. चार्ली बुकन या ज्येष्ठ खेळाडूच्या आग्रहावरून चॅपमननी मधल्या मध्यरक्षकाला मागे ओढून तिसरा बचावपटू केले. ‘डब्ल्यू-एम’ रचनेचा हा उगम. म्हणजे आधी दुखणे, मग विचार.

११/
खरेदी झाली ती त्या विचाराच्या हुकमाप्रमाणे. बचावाच्या केंद्रस्थानी उभा राहिलेला हर्बी रॉबर्ट्स १९२६ मध्ये ऑस्वेस्ट्री या छोट्या क्लबकडून अवघ्या २०० पौंडांना आला. १९२८ मध्ये डेव्हिड जॅकसाठी मात्र १०,८९० पौंड गेले आणि १९२९ मध्ये ॲलेक्स जेम्ससाठी ८,७५०. रचनेला जिथे निष्ठावान पहारेकरी हवा होता तिथे चॅपमननी दोनशे मोजले. जिथे चेंडू वळवणारा मेंदू हवा होता तिथे हजारो मोजले. भाव खेळाडूने ठरवला नाही, जागेने ठरवला.

१२/
१९३० चा एफए चषक, मग १९३१, १९३३, १९३४ आणि १९३५ ची लीग विजेतेपदे. (चॅपमन जानेवारी १९३४ मध्येच वारले, यंत्र चालत राहिले.) सराफ म्हणतात, आर्सेनल ही ‘बँक ऑफ इंग्लंड’ होती. बखरकार म्हणतात, चॅपमन द्रष्टे होते. दोघेही एकेक पान फाडून वाचतात. पहिला चषक यायला पाच वर्षे लागली, ही गोष्ट तर दोघांनाही अडचणीची वाटते.

१३/
विचाराविना बँक कशी बुडते, हे पाहायचे तर सुंदरलंडला चला. ‘बँक ऑफ इंग्लंड’ हे टोपणनाव महायुद्धानंतर याही क्लबला चिकटले. १९४८ मध्ये लेन शॅकलटनसाठी २०,०५० पौंड, १९५० मध्ये ट्रेव्हर फोर्डसाठी ३०,०००. दोघेही उत्तम खेळाडू. एकत्र मात्र त्यांचे कधी जमले नाही. विजेतेपद आले नाहीच. १९५७ मध्ये खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९५८ मध्ये क्लब आपल्या इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला.

१४/
“पाहिलेत? म्हणजे डावपेचच खरे!” बखरकारांनो, थांबा. आता तुमची पाळी.
१९६१-६२. आल्फ रॅमसे यांचा इप्सविच टाउन प्रथमच अव्वल श्रेणीत आला आणि पहिल्याच हंगामात विजेता झाला. ताऱ्यांचा पत्ता नाही. युक्ती एकच: डाव्या बगलेवरचा जिमी लेडबेटर पुढे न जाता मागेच थांबे. त्याचा पहारेकरी संभ्रमात पडे. बाहेर यावे तर मागे भगदाड, न यावे तर लेडबेटर मोकळा. त्याच्या चेंडूंवर क्रॉफर्ड आणि फिलिप्स या जोडीने लीगमध्ये ६१ गोल केले.

१५/
शुद्ध डावपेचांचा याहून निर्मळ नमुना इंग्लंडच्या इतिहासात विरळा. आणि त्याचे आयुष्य? एक हंगाम. ऑगस्ट १९६२ मध्ये टॉटनहॅमने लेडबेटरला मोकळे सोडायचे नाही असे ठरवले आणि इप्सविचचा ५-१ असा धुव्वा उडवला. गुपित फुटले. तो हंगाम सतराव्या क्रमांकावर संपला, रॅमसे राष्ट्रीय संघाकडे गेले आणि १९६४ मध्ये १२१ गोल खाऊन इप्सविच तळाला गेला.
डावपेच ही कल्पना आहे आणि कल्पनेवर कुणाचाही मालकी हक्क नसतो. ती फुटल्यावर दुसरी कल्पना आणि तिला साजेशी माणसे लागतात. ती माणसे फुकट येत नाहीत.

१६/
बखरकारांचे लाडके दैवत म्हणजे ब्रायन क्लफ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. १९७७ मध्ये वर चढले, १९७८ मध्ये लीग जिंकली, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन चषक. परीकथाच!
पण १९७९ च्या अंतिम सामन्यात माल्मोविरुद्धचा एकमेव गोल कोणी केला? ट्रेव्हर फ्रान्सिसने. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहा लाख पौंडांना घेतलेल्या, ब्रिटनमधील पहिल्या ‘मिलियन पौंड’ खेळाडूने. क्लफ आणि पीटर टेलर यांची थोरवी याने कमी होत नाही. त्यांच्या गरिबीची दंतकथा तेवढी कमी होते.

१७/
आता सराफांसाठी एक आकडा. सायमन कूपर आणि अर्थतज्ज्ञ स्टेफान शिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’ या ग्रंथात १९७८ ते १९९७ या काळातील ४० इंग्लिश क्लब तपासले. क्रमवारीतील फरकाशी पगारखर्चाचे नाते सुमारे ९२ टक्के जुळले. खरेदी-विक्रीच्या निव्वळ खर्चाचे? केवळ १६ टक्के.
ज्या आकड्यावर तुमचे सारे भांडण उभे आहे, तो आकडाच मुळात मुका आहे.

१८/
असे का? कारण ट्रान्सफरची रक्कम ही दोन क्लबांमधल्या एका दिवसाच्या सौद्याची किंमत. करार किती उरला, विकणारा किती अडला, घेणारा किती घाबरला, यावर ती ठरते. करार संपलेला खेळाडू शून्य रकमेत येतो, पण पगार राजेशाही घेतो. पगार हा त्याच्या कुवतीविषयीचा बाजाराचा कौल असतो आणि तो क्लबला दर आठवड्याला मोजावा लागतो.
अर्थात जिंकणारा क्लब अधिक कमावतो आणि म्हणून अधिक पगार देतो, ही उलट दिशाही ध्यानात घ्यावी. तरीही सराफांचा तराजू खोटा ठरतो तो ठरतोच.

१९/
पुन्हा रानिएरींकडे येऊ. २००४ मध्ये त्यांच्या जागी मोरिन्यो आले. ड्रोग्बा, कार्व्हाल्यो यांच्यासाठी आणखी पैसा ओतला गेला, हे खरे. पण मकेलेले, लॅम्पार्ड, टेरी हा कणा रानिएरींच्या संघातलाच होता. बहुतेक प्रतिस्पर्धी मध्यभागी दोन खेळाडू ठेवत. मोरिन्योंनी तीन ठेवले. ९५ गुण, ३८ सामन्यांत केवळ १५ गोल स्वीकारले, विजेतेपद. पैशाने दुसरा क्रमांक आणला होता. पहिला आणायला त्या पैशाला व्यवस्था द्यावी लागली.

२०/
आणि लेस्टर? मारेझ, व्हार्डी आणि कांते हे त्रिकूट मिळून एक कोटी पौंडांच्या आत आले होते. मागे दाट फळी, चेंडू हिसकावताच व्हार्डीची धाव. रचना साधी, पण प्रत्येक माणूस तिच्यासाठीच जन्मल्यासारखा.
पुढच्याच उन्हाळ्यात कांते सुमारे ३ कोटी २० लाख पौंडांना चेल्सीत गेला. २०१७ चे विजेतेपद चेल्सीला मिळाले. लेस्टरने त्याच फेब्रुवारीत रानिएरींना काढले. कल्पना लेस्टरची होती, पण तिचा पाय दुसऱ्याने विकत घेतला.

२१/
८१ गुणांचे आणखी एक सत्य. २०१७-१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडनेही नेमके ८१ गुण मिळवले आणि तो दुसरा आला, तब्बल १९ गुण मागे. कारण मँचेस्टर सिटीने १०० मिळवले. लेस्टरचा पराक्रम खराच. पण त्या एका वर्षी सारे धनाढ्य क्लब एकाच वेळी ढेपाळले होते, हेही खरे. उंबरठा दरवर्षी तेवढा खाली येत नाही. अपवादाला धोरण समजणे ही बखरकारांची सर्वात महाग चूक.

२२/
सिटीचे ते १०० गुण सराफ हमखास तोंडावर फेकतात. फेकू द्या. २०१६-१७ मध्ये ग्वार्डिओलांचा संघ तिसरा आला. त्यांच्या रचनेचा भार फुल-बॅकवर होता आणि क्लबचे चारही फुल-बॅक तिशी ओलांडलेले. २०१७ मध्ये वॉकर, डनिलो आणि मेंडी आले. एकट्या मेंडीचे ५ कोटी २० लाख. पण सप्टेंबरातच मेंडीचा गुडघा गेला आणि हंगामाचा बराच काळ त्याच्या जागी खेळला फेबियन डेल्फ हा मध्यरक्षक. जागेचे काम इतके स्पष्ट आखलेले होते की दुसरा माणूस तिथे उभा राहू शकला.
पण असा माणूस राखीव बाकावर बसवून ठेवायलाही पगार लागतो, हेही विसरू नये.

२३/
योग्य क्रम पाहायचा तर लिव्हरपूल. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी आपला सर्वात देखणा खेळाडू कुटिन्यो १४ कोटी पौंडांच्या घरात बार्सिलोनाला विकला. त्याच महिन्यात साडेसात कोटींना व्हॅन डाइक, उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन. डावीकडचा रॉबर्टसन ८० लाखांत हल सिटीकडून आधीच आलेला, उजवीकडचा अलेक्झांडर-अर्नोल्ड घरचाच. २०१९ मध्ये ९७ गुण आणि दुसरा क्रमांक. २०२० मध्ये ९९ आणि तीस वर्षांनी विजेतेपद. क्लॉप यांना आपल्या खेळातले छिद्र ठाऊक होते. पैसा त्या छिद्रावर गेला.

२४/
याउलट २०१३ नंतरचे युनायटेड. पोग्बासाठी ८ कोटी ९० लाख, मग आणखी कोणासाठी तरी तितकेच, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवा प्रशिक्षक. एकाला उंच आघाडीवीर हवा, दुसऱ्याला चपळ, तिसऱ्याला दोन्हीही नको. प्रत्येकाने आपली घडी बसवायला घेतली आणि आधीच्याचे सामान अडगळ झाले. ही दौलत डावपेचांनी हरवलेली नाही. ती आपल्याच धोरणशून्यतेने हरली.

२५/
हा वाद चहाच्या पेल्यातला नाही, कारण त्याची किंमत गावे मोजतात. लीड्स युनायटेडने चॅम्पियन्स लीगच्या भावी उत्पन्नावर कर्जे काढून संघ उभारला. २००१ मध्ये उपांत्य फेरी गाठली. उत्पन्न आले नाही. २००४ मध्ये घसरण, मैदान विकण्याची वेळ, पुढे तिसरी श्रेणी. अव्वल श्रेणीत परतायला सोळा वर्षे लागली.
बरी एफसी, स्थापना १८८५, दोनदा एफए चषकविजेता. २०१९ च्या वसंतात वरच्या श्रेणीत बढती मिळवली आणि ऑगस्टमध्ये देणी न भागवल्याने लीगमधून बाहेर. मधल्या काळात खेळाडूंचे पगार थकले होते. सुडेलांचे उसने पैसे आठवतात ना?

२६/
आपल्याकडचा दाखला गोव्याचा. आर्मांदो कुलासो यांच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी यांसारख्या गोमंतकीयांचा वर्षानुवर्षे टिकवलेला कणा, आणि नेमक्या जागी रँटी मार्टिन्स व बेटो हे परदेशी. कल्पना आधी, खरेदी नंतर. २०१६ मध्ये मात्र लीगची फेररचना होऊ घातली, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही गोमंतकीय क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मैदानावर कोणी उतरायचे याचे नियमच बदलले, तर उत्तम डावपेचही दाराबाहेर उभे राहतात.

२७/
तेव्हा निष्कर्ष. पगाराची ताकद तुम्हाला पहिल्या पाच-सहांच्या पंक्तीत बसवते. तेवढी ताकद नसेल तर एखादा लेस्टर, एखादा इप्सविच, आणि मग दीर्घ शांतता. त्या पंक्तीत पहिला कोण, हे मात्र कल्पना ठरवते. आणि ट्रान्सफरची रक्कम, जिच्यावर आपण रात्री जागवतो, ती या दोहोंपैकी कशाचेच माप नाही.

२८/
म्हणून पुढच्या वेळी तुमचा क्लब कोणाला विकत घेईल तेव्हा “किती मोजले?” हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे तीन विचारा.
रचनेतल्या कोणत्या जागेसाठी हा माणूस आणला?
उद्या प्रशिक्षक बदलला तर तो त्या जागी उरेल काय?
त्याचा पगार क्लबच्या कमाईतून जाणार आहे की कर्जातून?
तिन्ही उत्तरे धड असतील तर दोनशे पौंडांचा हर्बी रॉबर्ट्सही सोन्याचा आणि दहा हजारांचा डेव्हिड जॅकही स्वस्त. ती नसतील तर आकडा कितीही मोठा असो, तुम्ही सुंदरलंड आहात.

सराफ आणि बखरकार, दोघांच्याही प्रतिवादांचे स्वागत. येताना वही मात्र सोबत आणा.
#धागा_समाप्त